निवडीच्या कागदावरचा ‘टेम्परामेंट’चा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठा सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी क्रीडापानावर काय छापून येणार, हे नागपूरचा वाचक आता पान न उघडताच सांगू शकतो. जिगर, विजिगीषू वृत्ती, पोलादी मन, थंड डोकं. हरलो की हेच उलटं: दडपणाखाली कच खाल्ली, मोठ्या सामन्याचा अनुभव कमी पडला. बातमीदारांबद्दल आमची तक्रार नाही. रात्री उशिरा सामना संपतो, पान सोडायचं असतं, शब्द तयार असतात. पानठेल्यावर तर ‘पोट्टं जिगरबाज आहे’ एवढ्यावर विषय संपतो आणि तिथे तो संपायलाही हरकत नाही. तक्रार अशी आहे की हाच शब्द पुढे ‘टेम्परामेंट’ असं नाव घेऊन निवड चाचणीच्या कागदावरच्या एका रकान्यात जाऊन बसतो, आणि त्या रकान्यातल्या दहापैकी तीन किंवा आठ गुणांवर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं अख्खं वर्ष ठरतं.

म्हणून आधी जामठ्याचेच, म्हणजे नागपूरच्या मैदानावरचे, शेवटच्या षटकापर्यंत गेलेले तीन सामने पाहू.

12 मार्च 2011, विश्वचषक. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनच्या 111 धावांच्या बळावर भारत 1 बाद 267 वर होता. तिथून सर्वबाद 296. शेवटचे नऊ गडी 29 धावांत गेले. शेवटच्या षटकात आफ्रिकेला 13 हव्या होत्या. आशिष नेहराचा पहिलाच चेंडू रॉबिन पीटरसनच्या बॅटची आतली कड घेऊन सीमापार गेला. मग षटकार, दोन धावा, चौकार. दोन चेंडू राखून सामना संपला. त्या रात्री भारत कच खाणारा ठरला आणि आफ्रिका पोलादी. तेरा दिवसांनी ढाक्यात, उपांत्यपूर्व फेरीत, हीच आफ्रिका न्यूझीलंडच्या 222 च्या लक्ष्यामागे 2 बाद 108 वरून 172 धावांत आटोपली. नेहराने 30 मार्चला मोहालीत पाकिस्तानविरुद्ध दहा षटकांत 33 धावा देऊन दोन बळी घेतले, आणि 2 एप्रिलला कच खाणारा भारत विश्वविजेता झाला. माणसात मुरलेला गुण तीन आठवड्यांत अशा कोलांट्या मारत नाही.

29 जानेवारी 2017, इंग्लंडविरुद्ध टी-20. शेवटच्या षटकात इंग्लंडला 8 धावा हव्या होत्या. जसप्रीत बुमराहने दोन धावा दिल्या, जो रूट आणि जोस बटलर यांना बाद केलं, भारत 5 धावांनी जिंकला. बुमराहचं कौशल्य वादातीत आहे. पण रूट पायचीत झाला तो चेंडू आधी बॅटच्या आतल्या कडेला लागला होता, हे रिप्लेमध्ये दिसलं, आणि आंतरराष्ट्रीय टी-20 मध्ये तेव्हा डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय रिप्लेवर तपासून घेण्याची सोय, नव्हतं. एकाच मैदानावर दोन आतल्या कडा: एकीने चौकार गेला, दुसरीने बळी मिळाला. नेहरा त्या दिवशीही खेळत होता, 28 धावांत तीन बळी घेऊन. पण सहा वर्षांपूर्वीचा शिक्का त्याच्यावरून कोणी पुसल्याचं आठवत नाही.

5 मार्च 2019, ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकदिवसीय. आमच्या मते तिघांतला सर्वांत शिकण्यासारखा सामना हा. ऑस्ट्रेलियाला शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या, दोन गडी शिल्लक, आणि चेंडू विजय शंकरच्या हातात. त्याने त्या दिवशी त्याआधी एकच षटक टाकलं होतं आणि त्यात 13 धावा गेल्या होत्या. पहिल्या चेंडूवर मार्कस स्टॉइनिस पायचीत, तिसऱ्यावर अ‍ॅडम झाम्पा त्रिफळाचीत. आठ धावांनी विजय. भारताचा पाचशेवा एकदिवसीय विजय. शंकरच्या धैर्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मात्र सामना शेवटच्या षटकात त्याच्यासाठी शक्य झाला तो 46 व्या षटकात. कोहलीच्या मनात तेव्हाच शंकरला गोलंदाजी द्यायचं होतं. धोनी आणि रोहित यांनी बुमराह-शमीची षटकं आधी वापरायला सांगितलं. बुमराहने 46 व्या षटकात दोन बळी काढले. परिणामी शंकरसमोर शेवटी एकच खरा फलंदाज उरला होता, आणि त्याने स्वतः निवड केली ती सरळ यष्टींवर, हात मोकळे करायला जागा न देता टाकण्याची. षटकांचा हिशेब, चेंडूची निवड, समोरच्याची कुवत. या तिन्ही गोष्टी कागदावर मांडता येतात. त्या मांडून झाल्यावर जिगरीसाठी किती जागा उरते, ते ज्याने त्याने पाहावं.

(15 मार्च 2016 ला याच मैदानावर भारत 127 चा पाठलाग करताना 79 धावांत आटोपला, तेव्हाही मनोबलाची चर्चा झाली. न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट या दोघांनाही बाहेर बसवून तीन फिरकीपटू खेळवले होते आणि मिचेल सॅन्टनरने 11 धावांत चार बळी घेतले होते. खेळपट्टी कोणी आधी वाचली, एवढाच तो प्रश्न होता.)

आता विदर्भ. मातीत जिगर असते असं मानलं, तर 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या या संघाच्या मातीतली जिगर साठ वर्षं कुठे होती? 2017-18 मध्ये पहिला करंडक आला तो प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित, गोलंदाजीला सुब्रतो बॅनर्जी आणि फलंदाजीत वसीम जाफर यांच्या जोडीने. पंडितांनी पुढे 2021-22 मध्ये मध्य प्रदेशालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. माती बदलली, पद्धत तीच राहिली. 2017 च्या त्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकला 198 हवे होते, ते 192 वर बाद झाले. रजनीश गुरबानीने त्या डावात 68 धावांत सात बळी घेतले आणि नंतर दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली. आता कल्पना करा की कर्नाटकच्या शेवटच्या जोडीचा एक फटका क्षेत्ररक्षकाच्या हाताभर बाजूने गेला आणि पुढच्या षटकात आणखी एक. गुरबानीची गोलंदाजी तेवढीच चांगली राहिली असती. आपला मथळा मात्र ‘विदर्भाने हातचा सामना घालवला’ असा असता.

मार्च 2025 मध्ये जामठ्यावर केरळला मागे टाकून तिसरा करंडक आला, तो अनिर्णित सामन्यात 37 धावांच्या पहिल्या डावातल्या आघाडीवर. पहिल्या डावात 3 बाद 24 वरून दानिश मालेवार (153) आणि करुण नायर (86) यांनी 215 ची भागी केली. दुसऱ्या डावात करुणने 135 केल्या, पण शतकाच्या बरंच आधी स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला होता. तिकडे केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर मोठा फटका मारताना बाद झाला आणि डाव 342 वर थांबला. केरळच्या जिद्दीवर त्या हंगामात भरभरून लिहिलं गेलं. उपांत्यपूर्व फेरीत त्यांची आघाडी एका धावेची होती, उपांत्य फेरीत गुजरातविरुद्ध दोन धावांची, आणि त्या दोन धावा टिकल्या कारण शेवटच्या फलंदाजाचा फटका शॉर्ट लेगला उभ्या खेळाडूच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये झेल उडाला. गोलंदाज होता आपलाच आदित्य सरवटे, ज्याने 2019 च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी अकरा बळी घेतले होते. हेल्मेटवरून चेंडू कोणत्या दिशेला उडेल, हे सरवटेच्या मनोबलावर अवलंबून नव्हतं.

तर मग दडपण नावाची गोष्ट खोटी आहे का? अजिबात नाही. दडपणाखाली कामगिरी ढासळते हे खरं आहे, मोजलेलंही आहे. आमचा आक्षेप दुसऱ्या टोकाच्या दाव्याला आहे: काही जण दडपणात नेहमीपेक्षा सरस होतात आणि तो त्यांचा कायमचा गुण असतो. बेसबॉलमध्ये डिक क्रेमर यांनी 1977 मध्ये हाच दावा तपासला. 1969 च्या हंगामात मोक्याच्या वेळी चमकलेले फलंदाज 1970 मध्येही मोक्याच्या वेळी चमकले का, एवढा साधा प्रश्न. तसा संबंध दिसला नाही. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की ‘आकडेवारीने सिद्ध झालं, असलं काही नसतंच’ म्हणणारेही एकदा तोंडघशी पडले आहेत. बास्केटबॉलमधल्या ‘हात गरम असणं’, म्हणजे लागोपाठ नेम लागले की पुढचाही लागणार, या समजुतीला 1985 च्या एका गाजलेल्या अभ्यासाने भ्रम ठरवलं. 2018 मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या हिशेबातच चूक दाखवली. नाणं तीनदा उडवा आणि छाप्यानंतर पुन्हा छापा पडण्याचं प्रमाण प्रत्येक वेळी काढा. त्या प्रमाणांची सरासरी निम्मी येत नाही, बारांत पाच येते. म्हणजे अर्ध्याशी तुलना करणंच चुकीचं होतं. सांगायचं एवढंच, की मोजणाऱ्यानेही छाती फुगवू नये.

दडपणात बिघडतं काय, ते यॉर्करच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी टप्पा टाकायच्या चेंडूच्या, उदाहरणाने नीट कळतं. ताशी 135 किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे 2.1 मीटर उंचीवरून सुटतो आणि साडेसतरा मीटर पुढे टप्पा खातो. हवेचा विरोध सोडून दिला तर हिशेब असा येतो की सुटण्याच्या कोनात एका अंशाचा फरक पडला की टप्पा दीड मीटरहून जास्त सरकतो. अर्ध्या अंशाला ऐंशी सेंटिमीटर. एका बाजूला फुलटॉस, दुसऱ्या बाजूला हाफ व्हॉली, दोन्हींचा शेवट प्रेक्षकांत. आता या अर्ध्या अंशावर काय काय बसलेलं असतं पाहा. पकड घट्ट होते, मनगट ताठरतं, चेंडू किंचित उशिरा सुटतो. धाव वेगवान होते, शेवटचं पाऊल लांब पडतं. फलंदाज क्रीजमध्ये हलला म्हणून गोलंदाज धावता धावता बेत बदलतो. ही सर्वांत महागडी चूक. दव पडलं असेल तर चेंडू ओला. आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे, जी हालचाल हजारो चेंडूंत अंगवळणी पडली आहे तिच्यावर तो ऐन वेळी लक्ष ठेवू लागतो: खांदा कुठे आहे, मनगट सरळ आहे का. बायलॉक आणि कार यांनी 2001 मध्ये गोल्फच्या पटिंगवर (चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यावर) हे दाखवलं होतं. सरावलेल्या हालचालीचा एकेक भाग जाणीवपूर्वक तपासायला गेलं की ती तुटते. त्याच प्रयोगात एक उपयोगाची गोष्टही सापडली. ज्यांनी शिकतानाच कॅमेऱ्यासमोर सराव केला होता, ते पुढे दडपणात ढासळले नाहीत.

धनुर्विद्येत हे आणखी उघडपणे दिसतं, कारण तिथे समोरचा खेळाडू आपला बाण अडवू शकत नाही. कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचं लक्ष्य, त्यात दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचं. वैयक्तिक लढतीत पंधरा बाण, प्रत्येकाला 20 सेकंद. नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. प्रतिस्पर्ध्याचे 149 होते. त्याच स्पर्धेत सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये विश्वविजेती झाली. दोघंही साताऱ्यात एकाच प्रशिक्षकाकडे शिकलेले. चांगली मुलं चांगल्या गुरूकडे जमतात हे मान्य, तरी एका मैदानातून एका स्पर्धेत दोन विश्वविजेते निघतात तेव्हा जन्मजात धैर्यापेक्षा तिथे रोज काय होतं, हे विचारणं शहाणपणाचं. या खेळातला नेहमीचा आजार म्हणजे ‘टार्गेट पॅनिक’: नेमाचा ठिपका मधोमध येण्याआधीच बोट रिलीजवर (दोरी सोडणाऱ्या हातातल्या कळीवर) दाबलं जातं, किंवा मधोमध येऊनही सुटतच नाही. त्यावर प्रवचन चालत नाही. लक्ष्याचा कागद काढून टाकायचा, चार-पाच मीटरवरून नुसत्या गादीवर, नेम न धरता बाण सोडायचे, पाठीच्या स्नायूंच्या ताणाने रिलीज सुटू द्यायचं. मग अंतर टप्प्याटप्प्याने वाढवायचं. आणि स्पर्धेत ठरलेल्या वेळात बाण सुटला नाही तर धनुष्य खाली घेऊन पुन्हा ओढायचं. धरून ठेवाल तितका हात थरथरतो. वीस सेकंदांत हे बसतं, पण सराव असेल तरच बसतं.

बुद्धिबळाचं एकच सांगतो. दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तो कोनेरू हंपीविरुद्ध टायब्रेकमध्ये, काळ्या मोहऱ्यांनी, घड्याळ संपत आलेलं असताना. दिव्याच्या थंड डोक्याचे गोडवे गाताना हे विसरलं गेलं की हंपीने सातच महिन्यांपूर्वी महिलांच्या जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद दुसऱ्यांदा जिंकलं होतं. ते डोकं बातुमीत अचानक तापलं नसणार. पटावर एका अंत्यडावात निर्णायक क्षणी एकीची खेळी चुकली, एवढंच.

आता निवड चाचणीकडे येतो. गोलंदाजाला सहसा एक षटक मिळतं, फार तर दोन. समजा शंभर मुलं आहेत आणि प्रत्येकाची कुवत अगदी सारखी: निम्मे चेंडू हव्या त्या जागी पडतात. सहा चेंडूंत एक किंवा शून्य चेंडू जागेवर पडण्याची शक्यता 64 त 7. म्हणजे केवळ योगायोगाने अकरा मुलं घाबरट दिसतील, आणि पाच किंवा सहा चेंडू जागेवर टाकून दुसरी अकरा जिगरबाज दिसतील. निवडकर्ता कितीही प्रामाणिक असो, सहा चेंडूंत त्याला स्वभाव दिसूच शकत नाही. त्यात आपल्याकडे चाचण्या भर उन्हाळ्यात. सकाळी आठला बोलावलेल्या मुलाचा क्रमांक साडेअकराला लागतो, तोवर तो उन्हात, पाण्याची बाटली रिकामी. त्याचा हात थरथरतो तेव्हा त्याला ओआरएस द्यायचं की ‘टेम्परामेंट’मध्ये तीन गुण, हा प्रश्न खरं तर पडायलाच नको.

दडपणाचा परिणाम मोजायचाच असेल तर कोणत्याही क्लबला जमेल अशी रीत आहे. पॉपिंग क्रीजभोवती (फलंदाज उभा राहतो त्या रेघेभोवती) एक बॅट लांबीचा, म्हणजे सुमारे 96 सेंटिमीटरचा पट्टा चुन्याने आखा. रुंदी मधल्या यष्टीपासून ऑफ यष्टीच्या बाहेर एक हात. मुलाचे 60 चेंडू शांतपणे घ्या, 60 दडपणात. वेगवान गोलंदाज असेल तर एका दिवशी बारापेक्षा जास्त नकोत आणि मध्ये एक दिवस सुट्टी, नाहीतर मन मोजता मोजता कंबर जायची. दडपण म्हणजे शिव्या नव्हेत. फळ्यावर ‘6 चेंडू, 11 धावा’ लिहा, क्षेत्ररक्षण खरंखुरं लावा, फलंदाज संघातला सर्वांत जोरकस घ्या, बाकीच्यांना कडेला उभं करा, मोबाइल तिपाईवर लावून चित्रीकरण सुरू ठेवा. षटकाआधी मुलाला खेळपट्टीच्या लांबीएवढं सहा वेळा वेगाने पळवा. बादलीत चेंडू बुडवून टॉवेलने पुसून द्या. प्रत्येक चेंडूआधी मुलाने काय टाकणार ते वहीत लिहिणाऱ्याला सांगायचं, आणि धाव सुरू झाल्यावर बदलायचं नाही. धावेच्या खुणेवर एक श्वास, सोडताना घेण्यापेक्षा लांब. नजरेला एकच जागा: फलंदाजाच्या बुटाचं टोक.

प्रशिक्षकाने दोन चेंडूंच्या मध्ये खांद्या-मनगटाबद्दल एक शब्दही बोलू नये. हे सर्वांत अवघड जातं, आणि बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच फसतो. दुसरी चूक म्हणजे चुकलेल्या चेंडूला उठाबशा. त्याने मुलगा सुरक्षित टाकायला शिकतो, अचूक नव्हे.

आकडे वाचतानाही घाई नको. शांतपणे 60 पैकी 30 आणि दडपणात 24 आले, तर त्या मुलाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगाने सहज येतो. 30 चे 18 झाले तर मात्र लक्ष द्या, आणि तेव्हाही गुण कापण्याआधी चित्रीकरण पाहा. धाव वेगवान झाली आहे की बेत बदलला आहे की चेंडू हातातून निसटतो आहे, यांपैकी एक कारण बहुधा दिसेल आणि त्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा.

चाचण्या घेणाऱ्या सर्वांना, मग ती संघटना असो, शाळा असो की उन्हाळी शिबिर, आमची विनंती साधी आहे. ‘टेम्परामेंट’चा रकाना कागदावरून काढा. ठेवायचाच असेल तर त्याच्या शेजारी दोन आकडे लिहिणं सक्तीचं करा: किती चेंडू पाहिले, आणि मुलगा त्याआधी किती वेळ उन्हात उभा होता.

आपले,
क्रिकेट व धनुर्विद्या प्रशिक्षकांचा एक गट,
नागपूर